जावक क्रमांक विचारावा

सरकारी खजिन्यात बिले तपासण्यात ज्याची सारी उमेद सरली, त्या माणसास उतारवयात मोबाइलचा छंद जडावा, याचे आमच्या सूनबाईंस अद्याप नवल वाटते. परंतु ज्यांच्या हयातीचीही शाश्वती नव्हती ते शाळासोबती व्हॉट्सअॅपच्या एका गटात पुनश्च भेटतात, गुडघ्यांमुळे ज्यांना आळंदी दुरावली त्यांना घरबसल्या यूट्यूबवर कीर्तन ऐकावयास मिळते, आणि परदेशी असलेली नात पडलेला दात आजोबांना दाखवते. हे सुख वृद्धांनी निव्वळ भयापोटी नाकारावे, असे मला मुळीच वाटत नाही. (प्रातःकाळी येणाऱ्या गुलाबांच्या चित्रांविषयी माझे मत निराळे आहे.)

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमचे शेजारी नाना, महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, भर दुपारी दार लोटून बसले होते. मी परसदाराने आत गेलो, तो सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावून ते खुर्चीत ताठ बसलेले, मांडीवर बँकेचे पासबुक, आणि मोबाइलच्या पडद्यावरील गणवेशधारी इसमास "होय साहेब" म्हणणे चालू. त्यांच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडल्यामुळे त्यांना 'डिजिटल अटक' झाली असून, चौकशी पुरी होईतो कॅमेऱ्यासमोरून हलू नये, कोणास सांगू नये, आणि ठेवीची रक्कम पडताळणीसाठी 'सरकारी खात्यात' भरावी, असा त्या इसमाचा हुकूम होता. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून धरले: 'जावक क्रमांक व दिनांक विचारा.' नानांनी विचारला, आणि विचारताना त्यांच्या आवाजात जुना अव्वल कारकून परतला. समोरून प्रथम दरडावणी आली, मग शिव्या, आणि अखेर फोन बंद झाला.

नाना भोळे होते, असे कोणी समजू नये. समन्स, पंचनामे, जप्तीचे हुकूम यांत ज्याचा जन्म गेला, त्याच्या मनात शिक्क्याविषयी जो आदर मुरलेला असतो, त्याच आदरावर हे भामटे आपली उपजीविका करतात. वास्तविक 'डिजिटल अटक' असा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून तसे सांगितले होते. कोणतेही पोलीस खाते व्हिडिओ कॉलवर अटक करीत नाही, की पडताळणीसाठी पैसे भरून घेत नाही. ज्या हुकुमात घाई आणि गुप्तता एकत्र नांदतात, तो बनावट समजून फोन खुशाल ठेवून द्यावा.

निवृत्तिवेतनधारकांस नोव्हेंबर महिना विशेष जपण्याचा. हयातीचा दाखला 'जीवन प्रमाण'द्वारे २०१४ पासून घरबसल्या देता येऊ लागला, ही सोय उत्तमच. पण तिचा आधार घेऊन "दाखला अद्ययावत करतो, आलेला ओटीपी सांगा" असे फोन येतात, आणि बोलणारा तुमचा पीपीओ क्रमांक, निवृत्तीची तारीख बिनचूक सांगतो, म्हणून विश्वास बसतो. माहिती बरोबर असणे हा अधिकाराचा पुरावा नव्हे. कोषागारातून ओटीपी विचारण्यासाठी कधी फोन येत नाही, हे मी त्याच खात्याचा माणूस म्हणून सांगतो.

फेसबुकवर स्नेह्याच्या छायाचित्राआडून कोणी पैसे मागितले, तर स्नेह्यास त्याच्या जुन्या, ठाऊक असलेल्या क्रमांकावर फोन करावा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कदापि नाही. व्हॉट्सअॅपला सहा आकडी पिनचे दुहेरी कुलूप नातवाकडून लावून घ्यावे. पिन मात्र स्वतः ठरवावा. लग्नपत्रिका म्हणून 'एपीके' फाइल आली, तर ती न उघडता मुहूर्त फोनवर विचारावा.

आणि एवढे करूनही रक्कम गेलीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फिर्याद नोंदवावी व बँकेसही कळवावे. कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो, आणि तो वाटेत अडवता येतो तो आरंभीच्या काही तासांतच. ओटीपी आपणच सांगितला असला, तरी बँकेस वर्दी दिल्यानंतर होणाऱ्या नुकसानीचा भार बँकेवर राहील, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ सालच्या परिपत्रकाने ठरवून दिले; तेव्हा मुलगा कचेरीतून आला म्हणजे रागावेल, या धास्तीने संध्याकाळपर्यंत गप्प बसू नये.