थांबा किती जवळ? : सार्वजनिक वाहतुकीचे मोजमाप

‘बसथांबा घराजवळच आहे,’ असे आपण सहज म्हणतो. या ‘जवळ’ शब्दाला संयुक्त राष्ट्रांनी आकडा दिला आहे. २०१५ साली स्वीकारलेल्या शाश्वत विकास ध्येयांपैकी अकरावे ध्येय शहरांविषयीचे आहे. त्यातील ११.२.१ हा निर्देशक किती लोकांना सार्वजनिक वाहतूक सोयीने मिळते, ते मोजतो. बसथांबा ५०० मीटरांच्या आत, रेल्वेस्थानक १ किलोमीटरच्या आत, ही त्याची मर्यादा.

त्यासाठी लागणारी माहिती कोणालाही विनामूल्य मिळते. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या नकाशात रस्ते व थांबे स्वयंसेवक नोंदवतात. ‘वर्ल्डपॉप’ हा प्रकल्प जमिनीचे सुमारे १०० मीटर बाजूचे चौकोन पाडून प्रत्येकातील लोकसंख्येचा अंदाज देतो. थांब्याच्या टप्प्यातील चौकोनांची बेरीज शहराच्या लोकसंख्येने भागली की प्रमाण हाती येते.

येथे भूमिती उपयोगी पडते. थांबा केंद्र धरून ५०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर क्षेत्रफळ सुमारे ०.७८५ चौरस किलोमीटर भरते. परंतु माणूस भिंतींतून चालत नाही. रस्ते एकमेकांना काटकोनात छेदत असतील, तर ५०० मीटर चालून गाठता येणारा प्रदेश १ किलोमीटर कर्णाचा चौरस होतो. त्याचे क्षेत्रफळ अवघे ०.५ चौरस किलोमीटर. म्हणजे वर्तुळाने सोयीत धरलेला एक तृतीयांशाहून अधिक भाग प्रत्यक्षात सोयीबाहेर असतो. म्हणून अंतर रस्त्यावरूनच मोजावे.

याहून मोठी चूक कशी होते, ते आपल्या यवतमाळातच दिसते. यवतमाळ–मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ नावाने परिचित नॅरोगेज रेल्वे बंद पडली. नकाशात स्थानक दिसते म्हणून त्याभोवती १ किलोमीटरचा टप्पा आखला, तर न धावणाऱ्या गाडीचे लाभार्थी मोजले जातील! थांब्यासोबत वेळापत्रकही हवे. दिल्लीने आपल्या बसगाड्यांची वेळापत्रके ‘जीटीएफएस’ या ठरावीक नमुन्यात खुली केली आहेत. तशी माहिती असेल तर ही चूक टळते.

शहरात अनेकांची भिस्त ऑटोरिक्षावर असते; पण अनियमित तीनचाकी वाहने या निर्देशकाच्या व्याख्येतून वगळली आहेत. प्रथमदर्शनी हे अन्यायाचे वाटते. मला मात्र ते योग्य वाटते. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. ऑटोत या सवलती नाहीत. ऑटोला बसच्या बरोबरीने मोजले, तर सवलतीपासून दूर राहिलेली वस्तीही आकड्यांत सुखी दिसेल.

नकाशात कोणी नोंदवलाच नाही, तो थांबा गणनेत येत नाही. विद्यार्थ्यांनी सुटीत आर्णी किंवा दारव्हा मार्गावरील थांबे पायी फिरून नोंदवावेत. घरापासूनचे अंतर, पहिल्या व शेवटच्या बसची वेळ, सावली, अंधार पडल्यावर दिवा आहे का, चाकाची खुर्ची तेथवर पोहोचते का, हे लिहावे. निर्देशकाला स्त्री-पुरुष, वय आणि अपंगत्व यांनुसार स्वतंत्र आकडे हवे असतात.