कालवांच्या घराचा चुना

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना कालवं माहीत आहेत. घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो, हा पाटाचा कालवा नव्हे. कालव हा समुद्रातला एक लहान प्राणी. त्याचे अंग मऊ, आत हाड एकही नाही. म्हणून तो स्वतःभोवती दोन शिंपांचे घर बांधतो आणि खडकाला घट्ट चिकटून बसतो. कोकणात ओहोटी लागली की बाया खडकावर जातात, शिंप फोडून आतला गर काढतात. त्याचे कालवण फार चवीचे. तिसऱ्या नि खुबे ही त्याच गोतावळ्यातली.

ही शिंप कशाची असते? चुनखडीची. पूर्वी कोकणात आणि गोव्यात शिंपल्या भट्टीत भाजून चुना करीत. कितीतरी घरांच्या भिंती त्या चुन्यावर उभ्या राहिल्या. पण त्या मुक्या जिवाला समुद्रात चुना कुठे मिळतो? समुद्राच्या पाण्यात तो विरघळलेला असतो. दिसत नाही एवढेच. प्राणी पाण्यातून तो थोडा थोडा वेचतो आणि थरावर थर चढवतो.

आता या घरबांधणीत एक विघ्न आले आहे. त्याची गोष्ट आज आपण वाचू.

आपण श्वास बाहेर सोडतो, त्यात एक वायू असतो. त्याचे नाव कार्बन डायॉक्साइड. नाव लांबलचक आहे, म्हणून आपण त्याला कर्बवायू म्हणू. दगडी कोळसा, पेट्रोल, डिझेल, रॉकेल जाळले की हाच वायू निघतो. जगभरचे कारखाने आणि मोटारी तो रात्रंदिवस हवेत सोडतात. कारखान्यांचे युग सुरू होण्याआधी हवेच्या 10 लाख भागांत तो सुमारे 280 भाग होता. 1958 साली चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाई बेटावरच्या एका उंच डोंगरावर रोजचे मोजमाप सुरू केले. तेव्हा तो सुमारे 315 भाग भरला. आज तो 420 च्या वर गेला आहे.

हा सगळा वायू हवेतच राहत नाही. माणसे जेवढा सोडतात, त्यातला रुपयातले चार आणे एवढा वाटा समुद्र पिऊन टाकतो. तुम्ही म्हणाल, बरेच झाले, हवा तेवढी निवळली. हवेच्या बाजूने पाहिले तर खरे आहे. पण पाण्यात गेलेला कर्बवायू गप्प बसत नाही. पाण्याशी मिसळून त्याचे सौम्य आम्ल होते. आम्ल म्हणजे आंबट गुणाचा पदार्थ.

हे घरी करून पाहता येते. पानाला लावायचा चुना पाण्यात ढवळा आणि भांडे रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वरचे स्वच्छ पाणी हलक्या हाताने काढून घ्या. ही चुन्याची निवळी. तिच्यात तिच्या कितीतरी पट साधे पाणी घाला. पावसाचे असेल तर उत्तम, विहिरीच्या पाण्यात आधीच क्षार असतात. आता पपईच्या देठाची नळी घेऊन निवळीत हळूहळू फुंका. फुंकायचे, ओढायचे नाही. निवळी पोटात किंवा डोळ्यांत जाता कामा नये. थोड्या वेळात पाणी दुधासारखे पांढरे होते. तुमच्या श्वासातला कर्बवायू चुन्याला मिळाला आणि चुनखडीचे बारीक कण झाले. शिंप ज्या वस्तूची, तीच ही वस्तू.

बहुतेक लोक इथे थांबतात. तुम्ही थांबू नका. फुंकत राहा. गाल दुखतील, पण फुंका. पांढरेपणा कमी होऊ लागतो आणि पाणी पुन्हा निवळते. कण गेले कुठे? विरघळले. कर्बवायू जास्त झाला, पाण्यात आम्ल वाढले आणि त्याने चुनखडी खाल्ली.

समुद्र काही लिंबाच्या रसासारखा आंबट झालेला नाही, हे नीट लक्षात ठेवा. आम्ल मोजण्याचे एक माप आहे, त्याला पीएच म्हणतात. 7 म्हणजे मध्य. खाली आंबट, वर क्षार. समुद्राचे वरचे पाणी पूर्वी सुमारे 8.2 होते, आता 8.1 च्या आसपास आहे. म्हणजे अजून ते क्षाराच्याच बाजूला आहे. फरक एवढासा वाटतो. पण या मापाची चाल निराळी आहे. एक घर खाली उतरले की आम्लाचा अंश दहापट होतो. त्या हिशेबाने 0.1 चा उतार म्हणजे सव्वापटीहून थोडी अधिक वाढ.

एवढ्याने कालवांचे काय बिघडते? शिंप बांधायला दोन वस्तू लागतात. एक चुन्याचा अंश, तो समुद्रात मुबलक आहे. दुसरी वस्तू कार्बोनेट. आम्ल वाढले की ते कार्बोनेटला धरून बसते. विटांचा ढीग पडला आहे, पण जोडायला गारा मिळत नाही, अशी गवंड्याची अवस्था होते.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगॉन राज्य आहे. तिथे नेटार्ट्‌स नावाच्या खाडीवर व्हिस्की क्रीक हे कालवांची पिलं तयार करण्याचे केंद्र आहे. आपण भाताची रोपे तरव्यात वाढवून मग लावणी करतो ना, तसाच हा प्रकार. खाडीचे पाणी टाक्यांत घेऊन कोमट करायचे, त्यात अंडी फळवायची, पिलांना शेवाळ खाऊ घालायचे. दोन-तीन आठवड्यांनी पिलं चिकटण्याजोगी झाली की ओल्या फडक्यात बांधून कालवांच्या शेतकऱ्यांकडे पाठवायची. लाखो पिलं एका मुठीत मावतात, इतकी ती बारीक.

2007 साली टाक्यांतली पिलं मरू लागली. आधी रोगजंतूंवर संशय गेला. जंतू मारण्याची यंत्रे बसवली, तरी मरणे थांबेना. ज्यांची सगळी शेती या पिलांवर, त्यांचे पुढच्या हंगामाचे काय? त्या किनाऱ्यावर कित्येक संसार कालवांवर चालतात. वरच्या वॉशिंग्टन राज्यातल्या विलापा खाडीत तर आपोआप धरणारी पिलंही 2005 पासून काही वर्षे नीट धरली नव्हती.

शेवटी पाणीच तपासले. ऑरेगॉनच्या विद्यापीठातले बर्क हेल्स आणि केंद्रातली माणसे यांनी मिळून मोजमापे ठेवली. 2012 साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. उन्हाळ्यात तिथे उत्तरेचा वारा सुटतो. तो वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि खालचे थंड पाणी वर येते. त्या पाण्यात कर्बवायू जास्त. ते खाडीत शिरले की त्या दिवसांत घातलेली पिलं वाचत नसत.

यात एक गोष्ट आम्हांला फार विचार करायला लावणारी वाटली. पिलू पहिल्या दोन दिवसांत आपली पहिली शिंप बांधते. तेव्हा त्याला खाता येत नाही; अंड्यातून आणलेली शिदोरी तेवढी जवळ. गारा मिळेना झाला की बांधायला कष्ट जास्त पडतात आणि शिदोरी तिथेच संपते. पिलू लगेच मरतेच असे नाही. मार पहिल्या दोन दिवसांत बसतो, मरण पुढे दिसते. म्हणून तर कारण सापडायला इतका वेळ लागला. मरणाच्या दिवशीचे पाणी तपासून काय उपयोग?

उपाय साधा निघाला. पाणी दिवसा उशिरा घ्यायचे, कारण उन्हात खाडीतले गवत आणि शेवाळ कर्बवायू शोषून घेतात. शिवाय टाकीत मापाने सोडा घालायचा. कपडे धुण्याचा सोडा असतो, तीच ही जात. त्याने कार्बोनेटची भर पडते. पिलं पुन्हा जगू लागली.

पण सोडा टाकीत घालता येतो, समुद्रात नाही. आणि तळातून वर येणारे ते पाणी काही कालचे नव्हे. ते हवेला शेवटचे शिवले त्याला 30 ते 50 वर्षे होऊन गेलेली असतात. तेव्हाच्या हवेत जेवढा कर्बवायू होता, त्या मानाने त्याने तो घेतला. आज जे पाणी खाली जात आहे, ते 420 च्या वरच्या हवेतला वायू घेऊन चालले आहे. ते नेटार्ट्‌सच्या खाडीत वर यायला अजून काही दशके आहेत.