कॅमेरा व स्मार्ट घर : जोडणीपूर्वी काय पाहावे?

मोमिनपुरा, इतवारी भागात कॅमेरे बसविणाऱ्या नागपूरच्या कारागीर बांधवांसाठी ही माहिती. गिऱ्हाइकाचे व्यावसायिक कॅमेरे आणि घरातील स्मार्ट यंत्रणा एकमेकांना ओळखत नसतील, तर लगेच नवे कॅमेरे विकू नयेत.

प्रथम कॅमेऱ्यात 'ऑनव्हिफ' आहे का पाहावे. ॲक्सिस, बॉश व सोनी यांनी २००८ साली सुरू केलेली ही सामाईक पद्धत आहे. तिच्यासाठी कॅमेऱ्यात वेगळे नाव व पासवर्ड तयार करावा. चित्र 'आरटीएसपी' मार्गाने, बहुधा ५५४ क्रमांकाच्या पोर्टवरून मिळते. स्मार्ट यंत्रणा ते थेट घेत नसेल, तर लहान संगणकावर 'होम असिस्टंट' हा मोफत प्रोग्राम बसवावा. तो दुभाष्याचे काम करतो. चित्र अडखळल्यास एच.२६५ ऐवजी एच.२६४ व कमी आकाराचा सब-स्ट्रीम निवडावा.

कॅमेऱ्याचे पोर्ट इंटरनेटवर उघडे टाकू नये आणि कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवू नये. गिऱ्हाइकाच्या घरातील खासगीपणा ही आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे. बयाणा घेण्यापूर्वी एक कॅमेरा जोडून दाखवावा, म्हणजे व्यवहार साफ राहतो.