चुकलेल्यांसाठी मैत्री : करिंथच्या एका पत्राचा धडा



सामाजिक संस्थेत काम करणाऱ्यांना विचारा की सर्वांत अवघड काम कोणते? वर्गणी गोळा करणे, मंडप उभारणे, परवानग्या मिळवणे ही कामे कष्टाची खरी. पण सर्वांत अवघड काम म्हणजे चुकलेल्या आपल्याच माणसाशी बोलणे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वस्तीतील एका तरुण कार्यकर्त्याकडे जयंतीच्या वर्गणीचे पैसे होते. हिशेब वेळेवर आला नाही. बैठक भरली. सर्वांसमक्ष त्याला जे बोलले गेले, त्यातले सर्वांत कडू शब्द माझे होते. माझा मुद्दा खरा होता. पुढच्या दोन महिन्यांत त्याने सगळी रक्कम भरली. पण तो पुन्हा विहारात आला नाही. त्याची आई आली नाही, पत्नी आली नाही, मुलेही आली नाहीत. पैसे परत आले, माणसे गेली ती गेलीच.

ही बोच मनात असतानाच पहिल्या शतकातील ख्रिस्ती मंडळीच्या एका पत्राची माहिती वाचनात आली. बौद्धांनी ख्रिस्ती पत्र का अभ्यासावे, असे कोणी विचारील. पूज्य बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात 'बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य' या विषयावर लेख लिहिला. त्यात त्यांनी बुद्ध, येशू, महंमद आणि कृष्ण यांची तुलना करूनच आपले मत मांडले. तुलना करून तपासणे ही आपलीच परंपरा आहे.

पत्राची हकिकत

करिंथ हे ग्रीस देशातील गजबजलेले व्यापारी शहर. तेथील ख्रिस्ती मंडळीत गटबाजीचा रोग जुनाच होता. इ.स. ५४ च्या सुमारास पौलाने तेथील लोकांना पत्र लिहून 'मी अमक्याचा, तू तमक्याचा' या भांडणाबद्दल बजावले होते. सुमारे चाळीस वर्षांनी तोच रोग पुन्हा उफाळला. काही थोड्या लोकांच्या चिथावणीने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ कारभाऱ्यांना, त्यांच्या वागणुकीत दोष नसताना पदावरून दूर करण्यात आले. ही बातमी रोमला पोहोचली. तेव्हा रोमच्या मंडळीने इ.स. ९६ च्या सुमारास करिंथच्या मंडळीला ग्रीक भाषेत एक दीर्घ पत्र पाठवले. पत्रात लेखकाचे नाव नाही. परंपरेने ते रोमच्या क्लेमेंटचे मानले जाते. आज ते ६५ लहान प्रकरणांत छापले जाते.

या पत्रातील चार गोष्टी आपण लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली : आरंभी नुसता दोषच दाखवलेला नाही. करिंथच्या लोकांचा पाहुणचार, त्यांची नम्रता, त्यांची पूर्वीची एकी यांची आठवण सुरुवातीलाच करून दिली आहे. ज्याला सुधारायचे, त्याला त्याचा चांगुलपणाही दाखवला आहे.

दुसरी : बोध करताना लेखक स्वतःला वगळत नाही. हे आम्ही तुम्हाला बजावण्यासाठीच नव्हे, तर स्वतःला आठवण राहावी म्हणूनही लिहितो, कारण आपण एकाच आखाड्यात उतरलो आहोत, अशा आशयाचे त्याचे म्हणणे आहे.

तिसरी : भांडणाच्या पुढाऱ्यांनाही सन्मानाची वाट ठेवली आहे. तुमच्यात जो थोर मनाचा असेल त्याने म्हणावे की माझ्यामुळे फूट पडत असेल तर मी बाजूला होतो, मंडळीत शांतता नांदो. हाकलून दिलेला माणूस आणि स्वतः बाजूला झालेला माणूस यांत मोठा फरक असतो. दुसऱ्याला परत येता येते.

चौथी : चुकलेल्यांसाठी प्रार्थना करावी, त्यांना सौम्यता आणि नम्रता लाभावी, असे पत्र सांगते. आणि त्यांनी नमायचे ते आम्हापुढे नव्हे, ईश्वराच्या इच्छेपुढे, हेही स्पष्ट करते. म्हणजे बोध करणाऱ्याने स्वतःचा विजय मागायचा नाही.

पत्राच्या शेवटी एक लांब प्रार्थना आहे. तीत पीडितांना सोडव, पडलेल्यांना उभे कर, आजाऱ्यांना बरे कर, भुकेल्यांना अन्न दे अशा विनवण्यांबरोबरच भरकटलेल्यांना परत आण अशीही विनवणी आहे. म्हणजे चुकलेला माणूस आजारी आणि उपाशी माणसांच्या ओळीत बसवला आहे, शत्रूंच्या नव्हे. या प्रार्थनेचा इतिहासही विलक्षण आहे. हे पत्र १६३३ साली इंग्लंडमध्ये प्रथम छापले गेले, ते एका प्राचीन हस्तलिखितावरून. परंतु त्यातील नेमके हे पान गहाळ होते. १८७३ साली फिलोथिओस ब्रियेनिओस या ग्रीक विद्वानाला कॉन्स्टँटिनोपलमध्ये इ.स. १०५६ ची एक पोथी सापडली, तेव्हा ते पान पुन्हा जगापुढे आले.

पत्राबरोबर रोमहून तीन माणसेही पाठवली होती. नुसता कागद धाडून ते थांबले नाहीत. पुढे इ.स. १७० च्या सुमारास करिंथचाच धर्मप्रमुख डायोनिसियस लिहितो की हे पत्र आमच्या सभेत अजूनही वाचले जाते. ज्यांना खडसावले, त्यांनीच ते पत्र सत्तर वर्षे जपले! कडू शब्द कोणी जपून ठेवत नाही.

धम्माची शिकवण

विनयपिटकात दुसऱ्याचा दोष दाखवणाऱ्या भिक्खूसाठी पाच अटी आहेत. बोलणे योग्य वेळी असावे, सत्य असावे, सौम्य असावे, हिताचे असावे आणि मैत्रीपूर्ण चित्ताने केलेले असावे. मी त्या बैठकीत या पाचांपैकी एकच अट पाळली होती, सत्याची.

करिंथसारखीच घटना कोसंबीत घडली. शौचकूपातील भांड्यात पाणी शिल्लक ठेवण्याच्या क्षुल्लक कारणावरून भिक्खूंमध्ये दोन तट पडले. तथागतांनी समजावले, पण ते ऐकेनात. तेव्हा तथागत त्यांना सोडून पारिलेय्यक वनात गेले. उपासकांनीही भांडखोर भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे थांबवले. शेवटी ते भिक्खू श्रावस्तीला आले आणि संघात समेट झाला. यावरून दिसते की सौम्यता म्हणजे दोषावर पांघरूण घालणे नव्हे. कोसंबीचे उपासक कठोर झाले. पण समेटाचे दार उघडे राहिले. क्लेमेंटचे पत्रही चूक ती चूकच म्हणते.

दोन्ही मार्गांत एक भेद आहे, तो विद्यार्थ्यांनी विसरू नये. क्लेमेंटची प्रार्थना ईश्वराला उद्देशून आहे. धम्मात कोणाकडे मागणे नाही. मैत्री भावनेत आपणच आपले चित्त घडवतो. स्वतःपासून आरंभ करून आप्त, त्रयस्थ आणि शेवटी वैरी यांच्या हिताची इच्छा करतो. परंतु बैठकीला जाणाऱ्या कार्यकर्त्यापुरते पाहिले तर दोन्हींचे फळ एक आहे. ज्याचे आपण घटकाभर मनापासून भले चिंतिले, त्याला चारचौघांत अपमानित करण्यास जीभ वळत नाही.

तात्पर्य

हिशेब मागायचाच. समाजाचा पैसा हा समाजाचा घाम आहे. पण आधी घरी जाऊन, एकांतात मागावा. जाताना एखादा ज्येष्ठ बरोबर घ्यावा. चूक सांगण्यापूर्वी त्याने केलेले काम बोलून दाखवावे. आणि निघण्यापूर्वी दोन मिनिटे डोळे मिटून त्याच्यासाठी मैत्री भावना करावी.

आपल्याच भंडारा जिल्ह्यात पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन होऊन प्राचीन स्तूप उजेडात आला. तेथील दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. असा स्तूप एकट्याच्या दानाने उभा राहत नाही. त्यांतला कोणी कधी चुकलाच नसेल असे कसे म्हणावे? तरी त्याचे नाव दगडावर राहिले.

त्या तरुणाच्या, आता प्रौढ झालेल्या गृहस्थाच्या, घरी मी गेल्या वर्षावासात गेलो. माफी मागितली. त्याने चहा दिला, फारसे बोलला नाही. पौर्णिमेला त्याची मुलगी वंदनेला आली होती.

अभ्यासासाठी प्रश्न

१. क्लेमेंटच्या पत्रातील चार गोष्टी आणि विनयातील पाच अटी यांत साम्य कोणते?
२. प्रार्थना आणि मैत्री भावना यांतील भेद स्वतःच्या शब्दांत सांगा.
३. सौम्यता आणि दोषावर पांघरूण घालणे यांतील फरक कोसंबीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
४. आपल्या संस्थेतून दुरावलेल्या एका माणसाची आठवण करा. त्याच्या घरी कोणी आणि कधी जावे?