पाण्यातला सातबारा

बे ब्रिज ओलांडून ओशन सिटीला आपण सगळेच जातो. पण वाटेत हायवे सोडून ईस्टर्न शोअरच्या एखाद्या लहान खाडीकडे गाडी वळवली, तर काही ठिकाणी पाण्यावर काळ्या जाळीदार पिंजऱ्यांच्या सरळ ओळी दिसतात, द्राक्षबागेसारख्या. ही कालवांची शेती. (कालवं म्हणजे ऑयस्टर, पाटबंधारे खात्याच्या कालव्यांशी त्यांचा काही संबंध नाही. मालवण-रत्नागिरीच्या वाचकांना हा खुलासा नको, पण विदर्भ-मराठवाड्याच्या मंडळींसाठी केलेला बरा!)

मागच्या उन्हाळ्यात पिकनिकला अशाच ओळी बघून आपल्या एका तरुण सभासदाने मला विचारले, "काका, हे आपल्याला करायचं असेल तर परमिट कुठे मिळतं?" मी म्हटले, चौकशी करून सांगतो. चौकशी केली, कागद वाचले, एका जाहीर सभेत मागच्या खुर्चीवर बसून आलो. उत्तर इतके लांबले की शेवटी ते या अंकासाठीच लिहून काढले.

आपल्याकडे जमीन घेतली की सातबाऱ्यावर नाव लागते. खाडीचा तळ मात्र असा विकत मिळत नाही. तो मेरिलँड राज्याचा, म्हणजे सगळ्या जनतेचा. काठावर कितीही मोठा बंगला असो, पाण्याखालची जमीन बंगलेवाल्याची नसते. राज्य ती फक्त भाड्याने देते, २० वर्षांच्या लीजवर. लीज दोन प्रकारची. कालवं नुसती तळावर पसरून वाढवायची असतील तर तळाची लीज. पिंजरे ठेवायचे असतील, मग ते तळाशी ठेवा की वर तरंगत, तर पाण्याच्या थराची लीज, इंग्रजीत 'वॉटर कॉलम लीज'. आपल्या तरुण मित्राला ही दुसरी हवी. कारण पिंजऱ्यात पीक गाळात रुतत नाही, काऊनोज रे मासे आणि खेकडे त्याचा फडशा पाडत नाहीत, आणि कालव गोल, खोलगट, हॉटेलवाल्यांना आवडेल असे तयार होते.

भाडे ऐकून हसू येते. पाण्याच्या लीजला एकरी वर्षाला २५ डॉलर, तळाच्या लीजला साडेतीन. विमानतळावर गाडी ठेवायला याहून जास्त पडतात. मग सगळे का करत नाहीत? तर पैसा पिंजरे, होडी, बियाणे आणि मजुरीत जातो, आणि वेळ जातो परवान्यात.

तो का जातो हे कळायला थोडे मागे जावे लागेल. १८८४-८५ च्या हंगामात मेरिलँडच्या पाण्यातून सुमारे दीड कोटी बुशेल कालवं निघाली. त्या काळी कालवांवरून होड्यांमध्ये गोळीबार होत असे. १८६८ मध्ये राज्याला त्यासाठी खास पोलिसी नौदल उभारावे लागले, लोक त्याला 'ऑयस्टर नेव्ही' म्हणत. जॉन्स हॉपकिन्सचे प्राध्यापक विल्यम ब्रूक्स यांनी १८९१ मध्ये पुस्तक लिहून बजावले की नुसते उपसत राहिलात तर संपेल, पेरायला शिका, आणि त्यासाठी तळ खासगी लोकांना भाड्याने द्या. १९०६ मध्ये तसा हामन कायदा झालाही. पण खाडीवर पोट असलेल्या इथल्या कोळ्यांना, ज्यांना 'वॉटरमन' म्हणतात, त्यात आपला घास जाताना दिसला. सर्वांचे पाणी उद्या चार कंपन्यांचे होईल ही त्यांची भीती. त्यांनी जोर लावून कायद्याचे दात काढले. पुढे कित्येक काउंट्यांत लीजला चक्क बंदीच होती. दरम्यान बेसुमार उपसा झाला, गाळ साचला, आणि एमएसएक्स व डर्मो हे कालवांचे दोन रोग आले (माणसाला ते होत नाहीत). कालवांची संख्या पूर्वीच्या एक टक्क्याच्या आसपास, किंवा त्याहूनही खाली आली. अखेर २००९ मध्ये कायदा बदलला आणि शेतीला वाट मोकळी झाली. ब्रूक्स यांच्या पुस्तकानंतर एकशे अठरा वर्षांनी! वॉटरमनचा राग मला चुकीचा वाटत नाही. त्या रागाची किंमत मात्र त्यांच्याच नातवंडांनी मोजली.

आता प्रत्यक्ष परवाना. पहिले काम म्हणजे जागा शोधणे, आणि ते नकाशावर होते. राज्याच्या नैसर्गिक संपत्ती खात्याने, म्हणजे डीएनआरने, संगणकावर नकाशा ठेवला आहे. त्यावर एकेक अडथळा चढवत गेलात की मोकळे पाणी किती थोडे उरते ते दिसते. किनाऱ्यापासून किंवा कुणाच्या धक्क्यापासून ५० फुटांच्या आत, त्या मालकाच्या लेखी परवानगीशिवाय जागा नाही. सार्वजनिक कालवक्षेत्रापासून १५० फूट दूर. सरकारी जहाजमार्गापासून १५० फूट दूर. पाणगवताच्या संरक्षित पट्ट्यात नाही, कारण त्या गवतात खेकड्यांची आणि माशांची पिल्ले वाढतात. आणि ज्या खाडीचे तोंड ओहोटीला ३०० फुटांहून अरुंद आहे तिथे काठावरच्या मालकाचा हक्क आधी. यात खारेपणा, खोली आणि वारा अजून धरलेलाच नाही.

जागा ठरली की खात्याच्या माणसांशी आधी बोलून घ्यावे. हे सक्तीसारखेच समजा, अर्ज परत येण्याचे निम्मे त्रास इथे वाचतात. अर्ज डीएनआरकडे जातो, पण पिंजरा ही पाण्यातली 'रचना' ठरत असल्याने १८९९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सचीही मंजुरी लागते. कोस्ट गार्डला होड्यांच्या रहदारीची काळजी, म्हणून शेताच्या कोपऱ्यांवर खुणेचे खांब किंवा बोये. आरोग्याची बाजू पर्यावरण खाते बघते. पूर्वी हे सगळे उंबरे वेगवेगळे झिजवावे लागत. २०११ मध्ये राज्यातली बरीचशी कामे डीएनआरकडे एकत्र आणली गेली.

इथपर्यंत सगळे टेबलावरचे काम. खरी परीक्षा पुढे आहे, आणि ती आपल्या गावाकडच्या 'जाहीर नोटीस, हरकत असल्यास कळवावे' यासारखी आहे. अर्जाची नोटीस वर्तमानपत्रात येते, समोरच्या काठावरच्या मालकांना कळवले जाते. कुणीही माहितीसाठी जाहीर सभा मागू शकतो. आणि ज्याचा सर्वसाधारण जनतेपेक्षा वेगळा, स्वतःचा असा हक्क किंवा हितसंबंध आहे तो रीतसर हरकत नोंदवू शकतो. मग प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशापुढे जाते. वकील येतात, तज्ज्ञ येतात, आणि महिन्यांची वर्षे होतात.

मी ज्या सभेला गेलो तिथे जाताना माझा कल पूर्ण शेतकऱ्याकडे होता. पाणी गाळणारा प्राणी (मोठे कालव अनुकूल दिवसांत दिवसाला ५० गॅलनपर्यंत पाणी गाळते असे सांगतात), खत नको, खाद्य नको. अशा शेतीला नाही कोण म्हणेल? काठावरच्या घरवाल्यांची बाजू मला अपेक्षित होती: खिडकीतून पिंजरे दिसणार, त्यांवर पक्षी बसून घाण करणार, पिंजरे धुण्याच्या पंपाचा आवाज, घराची किंमत. त्यातले काही खरे, काही नुसते नाक मुरडणे.

मग एक वयस्कर खेकडेवाला उठला. त्याने कागद आणला नव्हता. लांब दोरीला आमिष बांधून तो त्याच पाण्यात दोरी टाकतो, त्याचे वडीलही टाकत. पिंजरे आले की दोरी टाकायला जागा नाही. त्याच्याकडे ना लीज, ना सातबारा, नुसती वहिवाट. तो कालवांच्या विरुद्ध नव्हता. आपल्याला हे नोटीस छापून आल्यावर कळावे, याचे त्याला वाईट वाटत होते. अर्जदार तरुण भला माणूस होता, पण त्याच्याकडे उत्तर नव्हते. त्याने नकाशावरचे सगळे पट्टे पाळले होते, आणि त्या नकाशावर ही दोरी कुठेच नव्हती. सभा संपताना मी कुणाच्या बाजूचा होतो ते मला सांगता येईना.

लीज हातात आली म्हणजे विकायला मोकळे असेही नाही. कापणी चालेल की नाही ते पाण्याच्या वर्गावर ठरते. काही पट्टे 'सशर्त' असतात: चोवीस तासांत एक इंच पाऊस झाला की तीन दिवस काढणी बंद, कारण पावसाबरोबर शेतांतली आणि वस्तीतली घाण वाहून येते. उन्हाळ्यात व्हिब्रिओ जंतूंमुळे, पाण्याबाहेर काढलेला माल ठरल्या वेळेत थंड करावा लागतो. लीज घेऊन ती तशीच अडवून ठेवता येत नाही, वापर दाखवावा लागतो, नाही तर ती जाते. हा नियम मला फार आवडला. आपल्याकडच्या कित्येक एमआयडीसी प्लॉटना लावता आला असता!

बियाणे केंब्रिजच्या हॉर्न पॉइंट प्रयोगशाळेसारख्या ठिकाणाहून किंवा खासगी हॅचरीतून येते. बरेच शेतकरी 'ट्रिप्लॉइड' म्हणजे प्रजननात ताकद न घालवणारी जात घेतात, ती लवकर वाढते. कर्जासाठी मार्बिडको ही राज्याची संस्था आहे. यात फार खोल शिरत नाही, कारण हे सगळे पैसे दिले की मिळते.

कोकणातही आता हा प्रश्न उंबऱ्याशी आला आहे. सिंधुदुर्गात यूएनडीपीच्या प्रकल्पात बचत गटांच्या बायकांनी खाडीत कालवांची शेती करून पाहिली. आणि २००५ च्या किनारी मत्स्यशेती कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती होऊन शिंपल्यांची आणि पिंजऱ्यातली शेतीही त्याच्या कक्षेत आली. खडकावरची कालवं फोडून काढणाऱ्या बाईचे नावही कुठल्या नकाशावर नसते.

त्या तरुण सभासदाला मी फोन करून एवढेच सांगितले: अर्ज नंतर भर. आधी काठावरच्या घरांची यादी कर आणि एकेकाच्या दारी जा. आणि खेकडेवाले पहाटे उजाडायच्या आत धक्क्यावरून निघतात, तेव्हा त्यांना गाठायचे तर अलार्म लाव. तो म्हणाला, "काका, तुम्ही पण चला." या शनिवारी जातो आहोत.