गोदामाची किल्ली

हातातला टेस्टर थरथरायला लागला तर लायटिंगवाल्याला काम कोण देणार? एवढ्याच विचारानं मी लिथियमची गोळी बंद केली. आषाढ चालू होता, गणपतीची बोलणी सुरू झाली होती. कराडच्या एका मंडळाच्या ऑफिसात चहा घेताना माझा कप बशीत वाजत होता. एका कार्यकर्त्यानं ते बघितलं आणि हसत विचारलं, "सकाळी सकाळी घेता का काय?" मी दारूला कधी शिवलोही नाही. घरी आलो आणि गोळ्यांचं पाकीट फ्यूजवायरच्या डब्यात तळाशी सारलं. बायकोला सांगितलं नाही, डॉक्टर मॅडमना तर नाहीच. दोन वर्षं ठणठणीत होतो, म्हणजे बायपोलरचा आजार गेला, असा माझा हिशेब. ठणठणीत होतो तो त्या गोळीवर, हे काही डोक्यात आलं नाही.

हाताचा कंप हा लिथियमचा नेहमीचा त्रास आहे आणि त्यावर उपाय असतात. डोस थोडा उतरवता येतो, गोळीची वेळ बदलता येते, कंपासाठी वेगळी गोळी मिळते. फक्त तोंड उघडावं लागतं. गोळी एकाएकी तोडली की आजार दुप्पट जोरानं उलटू शकतो, हे मला नंतर कळलं.

श्रावण संपता संपता सहा तासांची झोप चारवर आली, चाराची दोनवर. थकवा मात्र अजिबात नाही. पहाटे तीनला गोदाम उघडून केबलची भेंडोळी मी रंगाप्रमाणे लावायचो. तांबडी एकीकडे, काळी एकीकडे, परत सगळी पाडून लांबीप्रमाणे. माणसं सहा असताना अकरा मंडळांची कामं घेतली. आभाळात झोत सोडणारे चोवीस शार्पी कर्ज काढून आणले. प्रत्येकाला वाटेत थांबवून सांगायचो की पुढच्या वर्षी मुंबईचे मोठे गणपती आपल्याकडेच. बायको म्हणाली, "अहो, जरा पडता का?" त्यावर मी तिला जे बोललो ते इथं लिहीत नाही. चौथ्या दिवशी दोन मंडपांत अंधार होता, आणि मी तिसऱ्याच गावात जनरेटरवाल्याशी मारामारीवर आलो होतो. पुढचे तीन आठवडे रुग्णालयात गेले.

तिथून बाहेर पडल्यावर मी डॉक्टर मॅडमना विचारलं, "हे मला कळलं कसं नाही?" मी वायरिंगचा माणूस, त्यामुळे त्यांनी कागदावर डोक्याचं चित्र काढूनच समजावलं. दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर बदामाएवढा एकेक भाग असतो, अमिग्डला. भीती, धोका, समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग, असं काहीही मनाला लागणारं असलं की तो आधी पेटतो. कपाळामागं असतो प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. 'थांब, एवढं काही झालेलं नाही' हे सांगायचं काम त्याचं. उन्मादात, म्हणजे माझ्यासारख्या चढलेल्या अवस्थेत, असलेल्या माणसांना एमआरआय यंत्रात झोपवून रागीट, घाबरलेले चेहरे दाखवले, तेव्हा अनेक अभ्यासांत बदाम जास्त पेटलेला दिसला आणि कपाळामागचा खालचा भाग मंद. याशिवाय स्ट्रायटम नावाचा एक भाग लाभाच्या आशेवर चालतो. या आजारात बक्षीस हाती येण्याआधी, नुसतं मिळणार म्हटलं तरी, मेंदूची ही लाभाची यंत्रणा जास्त उसळते, असंही आढळलं आहे. ते चोवीस शार्पी मला विकले कुणी, ते तेव्हा कळलं.

म्हणजे लोड वाढला आणि वीज तोडणारा एमसीबी पडला नाही, असं मी म्हणालो. मॅडम हसल्या, पण पूर्ण पटलं नाही त्यांना. आता मलाही पटत नाही. एमसीबी ठरलेल्या अँपिअरला पडतो, आज पडेल आणि उद्या नाही असं करत नाही. मेंदूतल्या या जोडण्या झोपेवर, ऋतूवर, वयावर, कर्जाच्या हप्त्यावर हलत राहतात. आणि एमआरआय काढून 'तुम्हाला बायपोलर आहे' असं कुणी सांगू शकत नाही. फरक दिसतात ते शेकडो माणसांच्या सरासरीत. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जागतिक अभ्यासात 6,503 जणांचे मेंदू तपासले होते. आजार असणाऱ्यांत कपाळाकडच्या आणि बाजूच्या काही भागांतला मेंदूचा वरचा थर सरासरीनं थोडा पातळ निघाला, आणि लिथियम घेणाऱ्यांत हा पातळपणा कमी होता. एकट्यादुकट्याचं निदान आजही बोलण्यातून, इतिहासातूनच होतं. तेव्हा स्कॅनच्या नावानं कुणी पैसे मागत असेल तर खिसा सांभाळा.

मला त्यातलं लागलं ते एवढंच, की चूक ओळखणारा भाग आणि बिघडलेला भाग वेगळे नाहीत. उदास असताना निदान कळतं तरी की काहीतरी बिनसलंय. वर चढताना वाटतं, आता कुठे खरा मी सापडलो. 'मला छान वाटतंय' या माझ्या साक्षीला त्या दिवसांत किंमत नाही. मग तपासणीचं यंत्र डोक्याबाहेर बसवावं लागतं, आणि तेही डोकं ठिकाणावर असताना.

पहिलं यंत्र झोपेचं. निरोगी तरुणांवर 2007 साली एक प्रयोग झाला. 35 तास जागं ठेवून मग मनाला त्रास देणारी चित्रं दाखवली, तर अमिग्डला साठ टक्के जास्त उसळला आणि कपाळामागच्या भागाशी त्याचं बोलणं कमी झालं. ही धडधाकट माणसांची गत. आमच्यासारख्यांत एका जागरणानं उन्मादाला तोंड फुटू शकतं. म्हणून माझ्याकडे शंभर पानी वही आहे. झोपलो कधी, उठलो कधी, चहा किती. लागोपाठ दोन रात्री पाच तासांच्या खाली गेल्या की डॉक्टरांना फोन, मग मला कितीही बरं वाटत असो. फोन बायको करते, मला विचारत नाही. जागरण-गोंधळ, नाइट शिफ्ट, परदेशी प्रवास, बाळंतपणानंतरच्या रात्री, या सगळ्यांची आधीच डॉक्टरांशी बोलून व्यवस्था लावा.

दुसरं यंत्र खुद्द लिथियम. नाव ऐकल्यावर मला मोबाइलची बॅटरीच आठवली होती. मूलद्रव्य तेच, पण गोळीत असतो त्याचा क्षार. जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरनं गिनीपिगना तो टोचला तेव्हा ते शांत पडून राहिले. मग त्यानं उन्मादाच्या दहा रुग्णांना तो देऊन 1949 साली निष्कर्ष छापले. 'मूड स्टॅबिलायझर' हा शब्द ऐकून मी खूश झालो होतो, आमच्या धंद्यातलाच. पण त्याला सांभाळावं लागतं. रक्तातलं प्रमाण साधारण 0.6 ते 1 या पट्ट्यात हवं. दीडच्या वर गेलं की विष. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. मी एकदा गोळी घेऊन गेलो आणि आकडा बघून सगळ्यांची धावपळ उडाली. मूत्रपिंड आणि थायरॉइडही अधूनमधून तपासावं लागतं.

पाणी कमी पडलं की लिथियम रक्तात साठतं. एप्रिलच्या लग्नसराईत पत्र्याखाली दिवसभर घाम गाळायचा आणि वर निर्जळी एकादशी करायची, हे आता बंद. आईला वाईट वाटलं. तिला म्हणालो, विठ्ठलाला माझा रिपोर्ट दाखव. याच कारणानं, कुणी सांगितलं म्हणून मीठ एकदम तोडायचं नाही. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर आणायची नाही, रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तसंच. हात जोरात कापणं, उलट्या-जुलाब, जीभ जड, चाल डगमगणारी असं दिसलं तर रात्र काढू नका, लगेच रुग्णालय गाठा.

एक मागची गोष्ट राहिली. एकोणतिसाव्या वर्षी मला अंथरुणातून उठवेना, तेव्हा नुसती उदासीची गोळी मिळाली होती, आणि दीड महिन्यात मी वर उडालो. ती गोळी वाईट नाही. पण बायपोलरमध्ये ती एकटी दिली तर माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो. चोविसाव्या वर्षी दहा दिवस मी झोपेशिवाय उड्या मारत होतो, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. ते दिवस मला आजार वाटलेच नव्हते. उदासीसाठी डॉक्टरकडे जाल तेव्हा आयुष्यातले सगळ्यात जोमाचे दिवसही सांगा. सोबत घरातलं माणूस असू द्या, त्याला ते दिवस जास्त आठवतात.

पैशाचं यंत्र बायकोनं बसवलं. फोनवरून पैसे पाठवण्याची मर्यादा उतरवली, कर्जाच्या कागदावर तिची सही लागते, पाच हजारांवरची कुठलीही खरेदी दोन रात्री झोपल्याशिवाय नाही. शिवाय 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार मी लेखी देऊन ठेवलंय की पुन्हा तशी वेळ आली तर उपचार कसे व्हावेत, कसे नकोत, आणि माझ्या वतीनं कोणी बोलावं. हे शुद्धीत असतानाच लिहायचं असतं. उन्माद उतरल्यावर कर्जाचे आकडे दिसतात आणि जगणं नकोसं होतं, ते दिवस सगळ्यात धोक्याचे. अशा वेळी एकटे बसू नका. घरी कुणी नसेल तर टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो.

घरच्यांनाही एक सांगायचंय. गेल्या वर्षी मेव्हण्याच्या हळदीत मी मनापासून नाचलो, तर चार जणांनी बायकोकडे बघितलं. प्रत्येक हसण्याला आजार म्हणू नका हो, माणूस आनंदात पण असतो. बायको फक्त एवढंच विचारते, "काल किती झोपलात?" त्या प्रश्नाचा मला राग येत नाही. आला, तर तोही ती एक खूण समजते.

यंदा चारच मंडळं घेतली. विसर्जनाच्या रात्री पोरांवर काम सोपवून दहाला घरी आलो. गोदामाची किल्ली बायकोनं उशाखाली ठेवली. खिडकीतून ताशा ऐकू येत होता, आणि आमचाच एक शार्पी ढगावर फिरत होता. थोडा डावीकडे झुकलेला. उठून सांगावंसं वाटलं. वहीत सकाळी लिहिलं: अकरा ते पाच दहा. चहा दोन. कंप थोडा आहे.