ढाल पाहा, सोंडही पाहा
ढेकूणवर्गीय कीटकांच्या पाठीवर, पंखांच्या मुळांमध्ये, ढालीच्या आकाराची त्रिकोणी पट्टिका असते. शास्त्रीय भाषेत तिला स्क्युटेलम म्हणतात. कीड ओळखण्यास ती फार उपयुक्त आहे. तमिळनाडूतील भातशेतीत आढळणाऱ्या काळ्या ढेकणात ही ढाल इतकी वाढलेली असते की बहुतेक पोट झाकले जाते. सोयाबीन व तुरीवरील हिरव्या ढेकणाच्या ढालीच्या पुढील कडेवर तीन बारीक पांढरे ठिपके एका ओळीत असतात. हा ढेकूण शेंगांतील रस शोषतो. परिणामी दाणे सुरकुततात.

मात्र ढाल दिसली म्हणजे शत्रूच, असे समजू नये. याच कुळातील परभक्षी ढेकूण अळ्यांचा रस शोषून पिकाचे रक्षण करतो. त्याची सोंड जाड, तर पीक शोषणाऱ्याची बारीक असते. ओळख न पटवता फवारणी केल्यास मित्रकीटक मरतात व अळ्यांना मोकळे रान मिळते.

मका, भात व ज्वारीच्या दाण्यातील ढालीसारखे एकमेव बीजपत्रही याच नावाने ओळखले जाते. उगवणीच्या वेळी दाण्यातील पिठूळ साठ्याचे अन्न शोषून ते कोंबास पुरवते. म्हणून मळणीत बियाण्याच्या अंकुराकडील भागास इजा होऊ देऊ नये.